भुईमुगाचे अरुंद घराणे

भुईमुगाचे चार-पाच वाण शेजारी शेजारी लावले तर ते एकाच पिकाचे आहेत यावर नवख्याचा चटकन विश्वास बसत नाही. एकाची झाडे उभट आणि तीन-साडेतीन महिन्यांत काढणीला येणारी. दुसऱ्याच्या फांद्या जमिनीसरशी लांब पसरणाऱ्या, आणखी महिना-सव्वा महिना घेणाऱ्या. कुठे शेंगेत दोन दाणे, कुठे तीन-चार. टरफलावर कुठे ठसठशीत जाळी, कुठे नुसत्या पुसट शिरा. दाण्याची साल फिकट गुलाबी, लालभडक, जांभळी, पांढरी, क्वचित दोन रंगांत चितारलेली. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला तर काही वाणांचे दाणे जमिनीतच उगवतात, तर काहींचे दाणे काही आठवडे झोपलेलेच राहतात. शेतकरी त्यांना उपट्या, निमपसऱ्या, पसऱ्या अशा नावांनी ओळखतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची दोन उपप्रजातींत आणि सहा प्रकारांत वाटणी केली आहे. हे सगळे पाहिल्यावर या पिकाकडे वैविध्याची वानवा असेल असे कुणाच्याही मनात येणार नाही. पुढील पानांत ज्या संशोधनाची ओळख करून दिली आहे, त्याने नेमकी हीच समजूत डीएनएच्या पातळीवर तपासली आणि ती मोडीत काढली. जनुकीय मार्करांनी, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणांनी, गेल्या तीन-साडेतीन दशकांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दाखवली आहे: लागवडीचा भुईमूग रूपाने श्रीमंत आणि वारशाने गरीब आहे. माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. वाणांची यादी लांब होत गेली म्हणजे पिकाचे वैविध्य वाढले, असे मानणे भुईमुगाच्या बाबतीत धोक्याचे आहे. आणि मार्करांचा खरा उपयोग उणीव नेमकी कुठे आहे आणि ती कुठून भरून काढता येईल हे दाखवण्यात आहे.

या शोधाची सुरुवात निराशेने झाली. १९८० च्या दशकाअखेर मका, टोमॅटो यांसारख्या पिकांत डीएनएच्या खुणा वापरून गुणसूत्रांचे नकाशे तयार होऊ लागले होते. भुईमुगावर काम करणाऱ्यांनीही तीच वाट धरली. डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरे वापरायची, तुकड्यांच्या लांबीतला फरक पाहायचा आणि त्या फरकावरून वाणांचे नाते ठरवायचे, अशी ती पद्धत. जॉर्जिया विद्यापीठातील गॅरी कोचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लागवडीचे वाण आणि रानटी प्रजाती या कसोटीला लावल्या. रानटी प्रजातींमध्ये फरकांची रेलचेल निघाली. लागवडीच्या वाणांमध्ये मात्र फरक जवळजवळ नव्हताच. दिसायला अगदी निराळे वाणसुद्धा सारखेच पट्टे दाखवत होते. यादृच्छिक डीएनए-खुणांच्या पद्धतीनेही त्या काळात तेच सांगितले. त्याआधी विकरांच्या प्रकारांवरून केलेल्या तपासण्यांचा कौलही याच बाजूचा होता. पद्धती वेगवेगळ्या, प्रयोगशाळा वेगवेगळ्या आणि उत्तर एकच, असे झाले की दोष मोजपट्टीचा नसून वस्तूच तशी आहे, हे मान्य करावे लागते.

वस्तू तशी का आहे, याचे उत्तर भुईमुगाच्या जन्मकथेत आहे. भुईमुगाच्या ऐंशीच्या आसपास रानटी प्रजाती असून त्या सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या आहेत: ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि उरुग्वे. त्यांतल्या बहुतेकींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे वीस गुणसूत्रे असतात. आपल्या भुईमुगात चार संच, चाळीस गुणसूत्रे आहेत. दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पट्ट्यात अराकिस ड्युरानेन्सिस आणि अराकिस इपाएन्सिस या दोन रानटी प्रजातींचा संकर झाला, त्या संकरात गुणसूत्रे दुप्पट झाली आणि त्यातून आजचा भुईमूग आला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची ही घटना, आणि पुरावा असा की ती एकदा किंवा फार तर अगदी मोजक्या वेळा घडली. २०१६ मध्ये डेव्हिड बेर्टिओली आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या दोन्ही पूर्वजांचे जीनोम वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा इपाएन्सिसचा डीएनए आणि भुईमुगातला त्याच बाजूचा डीएनए ९९.९६ टक्के जुळत असल्याचे दिसले. एवढे जवळचे साम्य म्हणजे आपण पूर्वजाच्या थेट वंशजाकडेच पाहत आहोत. आणि हा वंशज बोलिव्हियातल्या इपा नावाच्या एकाच ठिकाणी सापडला. तो तिथेही आता उरला नसावा असे मानले जाते. गोळा करून जपलेले बी हाती होते म्हणून हा जीनोम वाचता आला.

जन्मानंतर या पिकाची दारे दोन बाजूंनी बंद झाली. चार संचांचा भुईमूग आणि दोन संचांचे त्याचे रानटी नातेवाईक यांचा संकर झालाच, तर तीन संचांची वांझ रोपे निघतात; म्हणजे रानातून नवे जनुक आपोआप येण्याची वाट नाही. दुसरे म्हणजे भुईमुगाचे पिवळे फूल बहुधा उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते, मग त्याची आरी जमिनीत शिरते आणि शेंग धरते. परक्या परागाला क्वचितच वाव मिळतो. ज्या पिकाची सुरुवात एकदोन रोपांपासून झाली आणि ज्याने नंतर बाहेरचे काही घेतले नाही, त्याचे जगभरातले वाण बाहेरून कितीही निराळे दिसोत, ते एकाच दांपत्याची लेकरे असल्यासारखे असणार. मार्करांनी हे अनुमानाच्या पातळीवरून मोजमापाच्या पातळीवर आणले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. डीएनए इतका सारखा असेल, तर शेतात दिसणारा फरक आला कुठून? मार्करच आंधळे असतील तर? या आक्षेपाचा निम्मा भाग खरा निघाला. सुरुवातीची साधने भरडच होती. पुढे लघुपुनरावृत्तीचे मार्कर आले आणि चित्र अधिक बारीक झाले. डीएनएमध्ये जागोजागी दोन-तीन अक्षरांचा गट पुन्हा पुन्हा येतो. नक्कल होताना पेशी तिथे अडखळते आणि पुनरावृत्तीची संख्या कमी-जास्त होते. कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए काढायचा, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे छोटे प्रायमर वापरून तेवढाच तुकडा लाखो पटींनी वाढवायचा आणि विद्युत्‌प्रवाह दिलेल्या जेलमध्ये तो सोडायचा. छोटा तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. एका वाणात पुनरावृत्ती चौदा आणि दुसऱ्यात सतरा असेल, तर पट्टे वेगळ्या उंचीवर बसतात. ज्या वाणांत आधी काहीच फरक सापडत नव्हता, त्यांना या खुणांनी वेगळे ओळखता येऊ लागले, आणि उपट्या व पसऱ्या प्रकारांचे गटही बऱ्याच अंशी वेगळे पडू लागले.

भुईमुगात मात्र एक अडचण आहे, आणि या विषयावरचा कुठलाही अहवाल वाचताना ती ध्यानात ठेवलीच पाहिजे. या पिकात दोन पूर्वजांचे जीनोम शेजारी शेजारी नांदतात आणि ते एकमेकांसारखे आहेत. एकच प्रायमर दोन्हीकडे चिकटतो आणि एकाच झाडातून दोन पट्टे येतात. एका अक्षराचे फरक मोजणाऱ्या आधुनिक पद्धतीत तर ही भेसळ फारच फसवी ठरते: एका पूर्वजाकडचे अक्षर आणि दुसऱ्याकडचे अक्षर यांतला फरक प्रत्येक वाणात असतो, पण संगणक त्याला वाणावाणांतला फरक समजू शकतो. खरे फरक निवडून काढायचे तर आधी दोन्ही पूर्वज स्वतंत्रपणे वाचलेले हवेत. २०१६ च्या कामाचे महत्त्व इथेच आहे. त्याच आधारावर २०१७ मध्ये अठ्ठावन्न हजारांहून अधिक एकाक्षरी फरक एकदम तपासणारी चिप तयार झाली आणि २०१९ मध्ये खुद्द लागवडीच्या भुईमुगाचा पूर्ण जीनोम हाती आला. नजर इतकी तीक्ष्ण झाल्यावरही मूळ निष्कर्ष टिकला. लागवडीच्या भुईमुगात फरक आहेत, ते उपयोगी आहेत, पण रानटी नातेवाइकांच्या तुलनेत ते थोडके आहेत.

मग रूपे इतकी कशी? याचे एक मोठे उत्तर २०१९ च्या कामातून मिळाले. संशोधकांनी त्याच दोन पूर्वजांचा संकर प्रयोगशाळेत पुन्हा घडवून जी नवी चार-संची रोपे तयार केली होती, त्यांच्या पुढच्या पिढ्यांत फुलांचे रंग बदलू लागले, आणि तेही बाहेरून कुठलेच नवे जनुक न येता. दोन जीनोम एका पेशीत आले की त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते, काही ठिकाणी एका बाजूची प्रत पुसली जाऊन दुसऱ्या बाजूची प्रत दुप्पट होते. या उलाढालीतून नवी रूपे निघतात. रंग, ठेवण आणि पक्वता यांत माणसाने हजारो वर्षे निवड केली ती अशा घरातल्या घरात झालेल्या अदलाबदलीवर. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: रूपे अनेक आहेत आणि भांडवल थोडे आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मार्कर बहुधा डीएनएच्या अशा जागी असतात जिथे जनुक नसते. त्या जागी फरक असला-नसला तरी शेतकऱ्याला काय? पिकाचे नशीब एखाद्या अक्षराने बदलू शकते, मग सरासरी वैविध्य मोजण्यात अर्थ काय? तेलाचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक आम्ल जास्त असले तर तेल आणि दाणे लवकर खवट होत नाहीत. साध्या वाणांत ते तेलाच्या निम्म्याच्या आसपास असते; उच्च-ओलिक वाणांत ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते. एवढा फरक पडतो तो ओलिकचे लिनोलिकमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराच्या जनुकातल्या दोन बारीक बदलांमुळे: एका पूर्वजाकडच्या प्रतीत एक अक्षर बदललेले, दुसऱ्याकडच्या प्रतीत एक अक्षर जास्तीचे घुसलेले. दोन्ही प्रती निकामी झाल्याशिवाय गुण पूर्ण उतरत नाही. आक्षेप घेणारे म्हणतील, बघा, दोन अक्षरांचा खेळ आहे. पण याच उदाहरणाचा दुसरा भागही पाहावा. पहिला बदल पसऱ्या उपप्रजातीत बऱ्याच वाणांत आढळतो. दुसरा इतका विरळ आहे की अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९८० च्या दशकात सापडलेल्या एका वाणावर आणि त्याच्या संततीवर जगभरच्या कामाची बरीचशी भिस्त राहिली. उपयोगी फरक दुर्मीळ असतात, आणि भांडवल जितके थोडे तितके ते सापडण्याची शक्यता कमी. म्हणून सरासरी वैविध्याचे मोजमाप व्यर्थ नाही. पुढे शोध घ्यायला जागा किती उरली आहे, ते त्यातून कळते. मार्करांनी नंतर आपला दुसरा उपयोगही इथे दाखवला. या दोन बदलांची खूण रोपाच्या कोवळ्या पानातच वाचता येते, तेल काढून पाहण्यासाठी पीक तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. पाटणचेरूची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था इक्रिसॅट आणि जुनागढचे भुईमूग संशोधन संचालनालय यांच्या सहकार्यातून गिरनार-४ आणि गिरनार-५ हे भारतातले उच्च-ओलिक वाण याच मार्गाने आले.

अरुंद वारशाची खरी किंमत मात्र रोग आला की मोजावी लागते. १९६९ पूर्वी भुईमुगाचा तांबेरा मुख्यतः अमेरिका खंडापुरता होता. त्यानंतर तो आशिया आणि आफ्रिकेत झपाट्याने पसरला. पानांवर ठिपके पाडणारा टिक्का होताच, त्याला तांबेऱ्याची जोड मिळाली. तांबेऱ्यात पानांच्या खालच्या बाजूला विटकरी पुटकुळ्या येतात, त्या फुटून भुकटी उडते, पान वाळते आणि शेंगा पोसायच्या ऐन दिवसांत झाड उपाशी राहते. दोन्ही रोग एकत्र आले तर निम्म्याहून अधिक पीक जाऊ शकते. महाराष्ट्रासाठी ही लांबची गोष्ट नव्हती. जळगावच्या संशोधन केंद्राने तैवानहून आलेल्या सामग्रीतून निवडलेला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, हा लवकर येणारा आणि भारताबाहेर आफ्रिकेतही पसरलेला वाण. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून १९९१ मध्ये आलेला टीएजी-२४ हा बुटका, भरघोस वाण. दोन्ही शेतकऱ्यांचे लाडके, आणि दोन्ही तांबेऱ्यापुढे हतबल. त्यांच्यासारखे शंभर वाण आपापसांत मिसळले तरी जे जनुक कुणाकडेच नाही ते कुठून येणार?

ते बोलिव्हियाहून आले. अराकिस कार्डेनासाय या रानटी प्रजातीचा जीकेपी १००१७ या क्रमांकाचा एक नमुना तिथून गोळा झाला होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात त्याचा लागवडीच्या भुईमुगाशी संकर केला गेला. निघालेली रोपे अपेक्षेप्रमाणे तीन संचांची आणि वांझ. त्यांची गुणसूत्रे औषधाने दुप्पट करून सहा संच केले आणि पुढच्या पिढ्यांत जादा गुणसूत्रे गळत गळत पुन्हा चाळीसवर आली. कार्डेनासायचे थोडे तुकडे भुईमुगात राहून गेले. हे साहित्य देशोदेशी वाटले गेले, इक्रिसॅटमध्ये आले आणि तिथल्या एका ओळीचा केआरजी-१ या वाणाशी संकर करून धारवाडच्या कृषी विद्यापीठाने जीपीबीडी-४ हा तांबेरा व टिक्का दोन्हींना दाद न देणारा वाण काढला. टीएजी-२४ आणि जीपीबीडी-४ यांच्या संततीवर मार्कर लावल्यावर कळले की तांबेऱ्याच्या बाबतीत दिसणाऱ्या फरकापैकी ८२ टक्क्यांहून अधिक फरक गुणसूत्रावरच्या एकाच पट्ट्याने ठरतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तोच पट्टा मार्करांच्या मदतीने जेएल-२४, टीएजी-२४ आणि आयसीजीव्ही-९१११४ या वाणांत उतरवलेला दिसतो. आणि २०२१ मध्ये बेर्टिओली व सहकाऱ्यांनी जगभरच्या वाणांचे डीएनए तपासून दाखवले की या एकाच रानटी नमुन्याचे तुकडे आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि दोन्ही अमेरिकांतल्या रोगप्रतिकारक वाणांत पसरले आहेत. देवाणघेवाणीत नोंदी हरवल्याने कित्येक पैदासकारांना आपल्या वाणात बोलिव्हियाचे रानरोप आहे हे ठाऊकही नव्हते. वंशावळीच्या वह्यांनी जे सांगितले नाही ते मार्करांनी सांगितले.

यावर कुणी म्हणेल की रानाकडे जायची गरज काय, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गाने उत्परिवर्तने घडवून किती उत्तम वाण काढले! ते काम थोर आहे, आणि टीएजी-२४ त्याचाच वारस. पण उत्परिवर्तन असलेल्या जनुकात बदल करते. दाणा मोठा करणे, झाड बुटके करणे, पक्वता अलीकडे आणणे यांत ते हातखंडा आहे; रानात लाखो वर्षे बुरशीशी झुंजून घडलेले प्रतिकाराचे जनुक आयते हाती देणे हे सहसा त्याच्या आवाक्यातले नाही. दुसरी भीती अशी की रानटी तुकड्याबरोबर जाड टरफल, उशिरा पक्वता आणि बारीक दाणेही येतात. येतात खरे. पूर्वी त्यांना झटकायला पिढ्यान्‌पिढ्या जात. आता पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खुणा असल्याने नको तो भाग कुठे तुटला हे रोपातच कळते. आणि यात परके जनुक टोचलेले नाही, रानटी तुकडे परागीकरणाने झालेल्या संकरांतूनच आले आहेत, हे जीएम पिकांच्या वादात अडकलेल्या वाचकासाठी नमूद करून ठेवावे.

हे सारे शक्य झाले ते कुणीतरी बी जपून ठेवले म्हणून. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत ९२ देशांतून आलेले भुईमुगाचे सुमारे पंधरा हजार नमुने आहेत. सगळे तपासणे अशक्य. म्हणून हरि उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी रूपलक्षणे आणि शेतीगुण पाहून आधी १,७०४ आणि त्यातून १८४ नमुन्यांचा छोटा संच निवडला. एखाद्या नव्या गुणाचा शोध आता या १८४ पासून सुरू होतो. रानटी प्रजातींची स्थिती मात्र तशी नाही. १९९२ च्या जैवविविधता करारानंतर आपल्या वनस्पतींवर देशांचा हक्क मान्य झाला, जो न्याय्यच आहे. पण त्यासोबत दक्षिण अमेरिकेतून येणारा रानटी भुईमुगाचा ओघ आटत गेला. अन्नपिकांच्या जननद्रव्याच्या आंतरराष्ट्रीय कराराने ज्या पिकांची खुली देवाणघेवाण ठरवली, त्या यादीत भुईमूग नाही. बोलिव्हियाच्या एका रानरोपाने आपल्या शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च वाचवला असेल, तर बोलिव्हियाला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. पण वाटा देण्याची नीट व्यवस्था करणे आणि दरवाजा लावून घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि भारतासारख्या देशाने, जो भुईमुगाच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आहे आणि ज्याच्याकडे या पिकाची एकही रानटी प्रजाती मुळात नाही, पहिल्या गोष्टीसाठी आवाज उठवायला हवा.

घरातले भांडवलही कमी मोलाचे नाही. कराड ४-११ सारखे पसरे वाण एकेकाळी पश्चिम महाराष्ट्रात सर्रास असत. लवकर येणाऱ्या उपट्या वाणांपुढे ते मागे पडले. मार्करांच्या हिशेबात अशा जुन्या बियाण्यात फार मोठा वेगळेपणा निघेलच असे नाही, पण तेलातल्या त्या एका अक्षराने दाखवले आहे की विरळ फरक कुठे दडला असेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना आणि शेतकऱ्यांना विनंती आहे. आपल्या गावात, नात्यात कुणाकडे पिढीजात भुईमुगाचे बी अजून पेरले जात असेल तर त्याचे थोडे बियाणे, गावाचे नाव, पेरणीचा हंगाम आणि घरात त्याला म्हणतात ते नाव लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात पोचवावे. बी फोडलेल्या दाण्यांच्या रूपात देऊ नये, वाळलेल्या शेंगांच्या रूपात द्यावे. तेलाचा दाणा टरफलाबाहेर फार लवकर उगवणशक्ती गमावतो.